भूगोल माझा, बेट माने सरांचं

प्रत्येक शाळेच्या स्टाफरूममध्ये एक कपाट असतं. पोरांकडून जप्त केलेल्या वस्तू त्यात पडतात. गोट्या, भोवरे, गलोली, एखादं चुरगाळलेलं प्रेमपत्र. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण चार वर्षांनी दार उघडलं की सगळा ढीग अंगावर येतो! किश्श्यांचंही तसंच असतं.

आमच्या रहिमतपूरच्या शाळेतले माझ्या वाट्याचे निम्मे किस्से एकाच माणसाचे आहेत. माने सर, पी.टी.चे. आधी फौजेत हवालदार, मग आमच्याकडं. मिशी ताठ, पाठ ताठ, आणि गळ्यात कायम शिट्टी. आणि त्यातही बहुतेक किस्से त्यांच्या एकाच प्रवासाचे, म्हणजे खरं तर त्या प्रवासातल्या फक्त दोन दिवसांचे!

आधीच सांगून टाकतो. मला या माणसाचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, पोटात दुखेपर्यंत.

कारण मी भूगोलाचा मास्तर. कांबळे सर. आमच्या घराण्यात ॲटलास विकत घेणारा पहिला माणूस मी. अठरा वर्षं नववीला बेटं शिकवली, प्रवाळ शिकवलं, प्रवाळाचा बांध आणि बेट यांच्या मधलं ते उथळ शांत पाणी, लगून, तेही शिकवलं. आणि स्वतः समुद्र बघितला तो एकदाच, गणपतीपुळ्याला, शाळेच्या सहलीबरोबर. तेव्हासुद्धा समुद्राकडं पाठ करून मी बेचाळीस पोरं मोजत होतो.

*

गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. माने सरांचे जावई साखर कारखान्यातले इंजिनिअर. त्यांना आफ्रिकेत डरबानला नोकरी लागली आणि मुलगी तिकडं गेली. पुढच्या वर्षी तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली रीत. पण डॉक्टर म्हणाले, पोरीनं एवढा प्रवास करायचा नाही. मग काय, माहेरच उठून तिकडं निघालं! माने वहिनी एकट्या जाणार कशा, म्हणून सोबत सर.

सरांनी अर्ज लिहिला, "मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिने रजा मिळावी."

हेडसरांनी चष्मा वर केला. "माने, बाळंतपणाची रजा बाईमाणसांना असते."

माने सर सावधानमध्ये उभे. "सर, बाळंतीन माझी पोरगी हाय. मी निस्ता एस्कॉर्ट हाय!"

रजा मंजूर झाली. त्याच दुपारी ते माझ्याकडं आले. "कांबळे सर, जरा नकाशा काढा. तिकीट सस्तातलं हाय, म्हनून वाटंत दोन दिस मॉरिशसला थांबायचं हाय. हाटेल बी तिकिटातच हाय. ह्यो मॉरिशस कुटं आला?"

माझ्या पोटात पहिली कळ आली ती तिथं. मॉरिशस! प्रवाळाचा बांध! लगून! पुस्तकात एकशे चौदाव्या पानावर ज्याचं चित्र आहे ते! आणि जाणार कोण, तर ज्याला ते कुठं आहे हेसुद्धा माहीत नाही तो.

मी हिंद महासागराचा मोठा नकाशा उलगडला. तो आमच्याकडं कपाटामागं गुंडाळून ठेवलेला असायचा. मादागास्करवरून उजवीकडं बोट नेलं आणि थांबलो. उंदरानं नेमकं तिथंच कुरतडलेलं.

माने सर वाकून बघायला लागले. "सर, हितं तर भोक हाय!"

"तिथंच आहे तुमचं बेट."

"म्हंजी मी दोन दिस भोकात ऱ्हानार व्हय?"

सगळी स्टाफरूम हसली. सगळ्यात जास्त मी हसलो. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं मला.

*

पण ते बरं वाटणं काही टिकेना. मग मी एक युक्ती काढली. आपण नाही गेलो तर नाही, आपली निरीक्षणं तरी जातील! फुलस्केप कागदावर बारा प्रश्नांचा तक्ता केला. वाळूचा रंग, पाण्याचं तापमान, लाटांची उंची, वाऱ्याची दिशा, असं सगळं. पुढं उत्तरासाठी रकाने आखले. शेवटचा रकाना "विशेष शेरा".

माने सरांनी तो कागद घडी करून खिशात घातला. "ऑर्डर समजली," म्हणाले.

दोन महिन्यांनी परत आले. नात झाली होती, पेढे आणले होते. पेढ्याबरोबर माझा कागदही परत दिला. बाराही रकाने भरलेले! फौजेतला माणूस, अर्धवट काम करणार नाही.

वाळूचा रंग : पांढरा, रांगोळीवानी.

पाण्याचे तापमान : आंघोळीच्या पान्यावानी.

लाटांची उंची : हिच्या गुडघ्यापत्तुर.

वाऱ्याची दिशा : तोंडावर.

आणि शेवटी, विशेष शेरा : लय बरं वाटलं.

त्या शेऱ्याचा मला जो संताप आला म्हणून सांगू! मी गेलो असतो तर चाळीस पानं लिहिली असती. आकृत्या काढल्या असत्या. ह्यांनी तीन शब्दांत बेट संपवलं! बाकीच्या अकरा उत्तरांना मी लाल शाईनं फुल्या मारल्या. त्या शेऱ्यावर मात्र पेन टेकेना.

*

परत आल्यावर महिनाभर माने सरांचं घड्याळ दीड तास मागं होतं. बेटावरची वेळ त्यांनी तशीच ठेवली होती. ग्राउंडवर पोरांना कवायत देता देता मनगट वर करायचे आणि म्हणायचे, "तितं आत्ता सकाळचं धा. च्या आला आसंल गड्या खोलीवर!"

एके दिवशी प्रार्थनेला पोचलेच नाहीत. साडेबाराला हजर.

हेडसर कडाडले, "माने! अकराची शाळा! कुठं होता?"

सरांनी घड्याळाकडं बघितलं, कपाळावर हात मारला. "सर, मी टायमातच हाय. शाळा हितं हाय ही चूक झाली!"

*

खरा त्रास वर्गात सुरू झाला. कुठल्या शिक्षकाची रजा असली की त्या मोकळ्या तासाला माने सरांना पाठवायचे. पूर्वी ते पोरांना गप्प बसवून मिशी कुरवाळत बसायचे. आता पोरंच म्हणायला लागली, "सर, बेट सांगा! बेट!"

मग सर सांगायचे. पाणी इतकं नितळ की पायाची बोटं मोजता येतात, मासे पिवळेजर्द, आणि ते पायाला येऊन ढुसण्या देतात. पोरं तोंडाचा आ करून ऐकायची. माझ्या तासाला तीच पोरं खिडकीबाहेर बघायची.

एकदा मी प्रवाळ शिकवत होतो. फळ्यावर सुंदर आकृती काढली होती, तीन रंगांचे खडू वापरून. नववी ब मधली शोभा उठली. हुशार पोरगी, पण जिभेला हाड नाही.

"सर, तुमी कवा गेलाता का बेटावर?"

मी म्हणालो, "नाही. जायची गरज काय? मी सूर्यावर तरी कुठं गेलोय? तरी शिकवतोच की!"

"आवं सर," शोभा म्हणाली, "सूर्य तर रोज दिसतोय की!"

वर्गात हशा फुटला. मी तिला तासभर उभं केलं. चूक माझी होती हे मला माहीत होतं, म्हणून जरा जास्तच वेळ उभं केलं.

*

बेटावर त्यांना एक टॅक्सीवाला भेटला होता. नाव विष्णू. विमानतळावर वहिनी सरांना म्हणाल्या, "आवं, पिशवी नीट धरा," तर हा माणूस गर्रकन वळला. मराठी! पाच पिढ्यांपूर्वी कुणी पूर्वज जहाजानं तिकडं उसाच्या मळ्यात कामाला गेलेला. घरात गणपती बसतो, आरती येते, बोलणं मात्र मोडकंतोडकं.

आता आपल्याकडचा माणूस भेटला की माने सर पहिला प्रश्न काय विचारणार? "पाव्हणं, गाव कंचं?"

विष्णू म्हणाला, "आजोबाला माहीत होतं. आजोबा गेला."

सर मला हे सांगताना म्हणाले, "सर, मला लय वंगाळ वाटलं. मानसाला गाव न्हाई म्हंजी काय वो? मग मी म्हनलं, इस्नू, आजपास्नं तुजं गाव रहिमतपूर. कुनी इचारलं तर सांगायचं. कोरेगाव तालुका, जिल्हा सातारा. म्या त्येच्याकडनं तीनदा म्हनून घेतलं!"

मला वाटलं, थापा असतील. जानेवारीत शाळेच्या पत्त्यावर कार्ड आलं. वर निळ्या पाण्याचा फोटो, माडाची झाडं. मागं लहान मुलासारख्या देवनागरीत, "माने काका, नवीन वर्षाचे नमस्कार. सर्व गावाला सांगा. तुमचा विष्णू, रहिमतपूरकर."

हेडसरांनी ते कार्ड भूगोलाच्या बोर्डावर लावलं. माझ्या बोर्डावर! मी काढलेला पर्जन्यमानाचा तक्ता खाली उतरवून! वर मला म्हणाले, "बघा कांबळे, ह्याला म्हणतात फील्डवर्क!"

अठरा वर्षांत मी हजारेक पोरांना बेट नकाशावर दाखवलं. या माणसानं दोन दिवसांत बेटावरच्या माणसाला गाव दिलं.

*

हेवा हा संसर्गजन्य रोग आहे. माझ्याकडून तो घरी गेला, आणि त्याला कारण झाल्या माने वहिनी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी बायकांना हॉटेलची हकीकत सांगितली. पहिल्या दिवशी सकाळी वहिनी पाचला उठल्या. सवयच ती. दुसऱ्याच्या घरी उतरलोय, लोक काय म्हणतील, म्हणून त्यांनी चादरी झटकून घड्या घातल्या. कपबशा विसळल्या. न्हाणीघर घासलं. टॉवेल भिजवून फरशी पुसली. बॅगा भरून दाराशी नीट लावून ठेवल्या. आणि मग दोघं समुद्रावर गेले.

झाडलोट करणारी बाई आली, तर खोली लख्ख आणि बॅगा दाराशी! तिला वाटलं, मंडळी निघाली. तिनं खाली कळवलं. हॉटेलवाल्यांनी बॅगा खाली नेऊन ठेवल्या आणि खोली दुसऱ्यांना देऊन टाकली!

हे दोघं ओल्या पायांनी परत आले, दार उघडलं, तर पलंगावर गोरा आणि गोरी बसलेले.

वहिनी सांगत होत्या, "मला वाटलं, आपल्याकडं कुनी पाव्हणं आल्यात! म्हनून मी आदी च्याचंच इचारलं!"

बायका हसून हसून लोळल्या. मग वहिनी म्हणाल्या, "दुसरी खोली दिली, आनि मॅनेजरनं हात जोडून सांगितलं, बाई, कशाला हात लावू नका. मग दोन दिस म्या खरंच हात लावला न्हाई. चूल न्हाई, धुणं न्हाई. मला कुनीतरी च्या करून आनून दिला, बाई. हातात दिला."

यावर म्हणे कुणी हसलं नाही.

आमची ही माधवनगरची. वडील गिरणीत होते, भोंग्याच्या तालावर वाढलेली, तक्रार करणारी नव्हे. पण त्या दिवशी वाणाची वाटी ओट्यावर ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "आपण दोघं कुठं गेलो होतो हो शेवटचं?"

मी आठवून म्हणालो, "शिराळ्याला की! नागपंचमीला!"

"बारकं माझ्या कडेवर, मोठा माझ्या हाताला, आणि तुम्ही?"

मी तेव्हा डबा ठेवून मोरणा नदीच्या वळणाची आकृती काढत बसलो होतो.

"माने भाऊजी बघा," ती म्हणाली. मी ते वाक्य पुरं होऊ दिलं नाही. चहा करायला उठलो. साखर कुठं असते ते तिलाच विचारावं लागलं!

*

आता शेवटचा. हा मी वर्षानुवर्षं कुणाला सांगितला नव्हता.

सांगलीला भूगोल शिक्षकांचा मेळावा भरायचा. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांतले शंभरेक मास्तर यायचे. अठरा वर्षं मी खाली खुर्चीवर बसून दुसऱ्यांची भाषणं ऐकली होती. त्या वर्षी पत्र आलं, विषय "बेटे आणि प्रवाळ", आपल्या शाळेतून वक्ता पाठवावा. माझा विषय! मी त्याच दिवशी भाषण लिहायला घेतलं. बायकोनं पांढरा शर्ट कांजी करून ठेवला.

आठवड्यानं हेडसरांनी बोलावलं. "कांबळे, मी माने सरांचं नाव कळवलंय. प्रत्यक्ष बघून आलेला माणूस आहे. तुम्ही बरोबर जा. ते बोलतील, तुम्ही फळ्यावर आकृती काढा."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा! पण बोलणार कुणापुढं? मी "बरं सर" म्हणालो आणि बाहेर आलो. बाहेर माने सर घाबरून उभे होते. "सर, मला यातलं काय कळतंय? तुमीच बोला की." मी म्हणालो, "छे, छे! तुम्ही बघून आलाय!" आणि मनात म्हणालो, बघतोच आता.

मेळाव्याच्या सकाळी पॅसेंजरनं सांगलीला गेलो. माधवनगरच्या शाळेतला माझा एक मित्र, पाटील, हॉलच्या दारात भेटला. त्याच्या हातात मी एक चिठ्ठी सरकवली. म्हणालो, "भाषण झाल्यावर एवढा प्रश्न तोंडी विचार." प्रश्न असा होता : बांधावरून लाटा फुटून लगूनमध्ये सारखं पाणी येत असतं, तरी लगून भरून वाहत नाही. मग आत आलेलं पाणी बाहेर कुठून जातं?

प्रश्न मी नीट निवडला होता. हे माने सरांना येणं शक्यच नव्हतं.

मी फळ्यावर आकृती काढली. मधे बेट, भोवती निळं लगून, त्याभोवती पांढऱ्या खडूनं प्रवाळाचं गोल कडं. कर्कटक लागलं नाही, इतकं गोल. शंभर मास्तरांनी माना डोलावल्या. मग मी बाजूच्या खुर्चीवर बसलो आणि माने सर बोलायला उठले.

पाच मिनिटं अडखळले. मग कुणीतरी म्हणालं, "सर, तुमच्या बोलीत सांगा," आणि माणूस सुटला! मासे आले, विष्णू आला, पलंगावरचे गोरा-गोरी आले. हॉल खदाखदा हसत होता आणि मी आतून जळत होतो. त्या टाळ्या, ते स्टेज, सगळं माझं होतं. मी पाटलाकडं बघून मान हलवली.

पाटील एक नंबरचा आळशी. उठून विचारायचं सोडून त्यानं ती चिठ्ठीच तशीच पुढं पाठवली. हातोहात ती माने सरांपर्यंत आली.

सरांनी चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. मग माझ्याकडं बघितलं. आमच्या शाळेच्या नोटीस बोर्डावर अठरा वर्षं माझंच अक्षर असतं, हे मला तेव्हा आठवलं!

आता हा माणूस शंभर लोकांपुढं काय बोलणार? बोलला असता तर मला तोंड लपवायला सांगली पुरली नसती.

माने सरांनी चिठ्ठीची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. वरचं बटणही लावलं. मग मोठ्यानं म्हणाले, "मंडळी, लय भारी सवाल आलाय. आत आल्यालं पानी भाईर कुटनं जातंय? आता ह्येचं उत्तर मी देनं बरं न्हवं. मी तितं दोन दिस जाऊन आलोय. आमचं कांबळे सर अठरा वर्सं तितंच ऱ्हात्यात. सर, उठा."

टाळ्या पडल्या. शंभर माना माझ्याकडं वळल्या. मी उठलो. खडू हातात घेतला. फळ्याकडं बघितलं.

आणि आता खरं सांगतो. उत्तर मलाही येत नव्हतं! चार वर्षांपूर्वी एका पोरानं विचारलं होतं, मी सगळी पुस्तकं धुंडाळली, सापडलं नाही, शेवटी "अभ्यासक्रमात नाही" म्हणून त्याला खाली बसवलं होतं. माने सरांना नक्की येणार नाही असा प्रश्न शोधताना मला तोच आठवला होता.

मी उभा. माझ्या त्या सुंदर कड्याकडं मी बघतच राहिलो. कुठं फट नव्हती.

माने सर खुर्चीतून उठले. रुमाल काढून कपाळ पुसल्यासारखं करत फळ्यापाशी आले. माझ्या शेजारी उभे राहिले, अंगठा जिभेला लावला, आणि त्या पांढऱ्या कड्यावर एका जागी बोटभर खडू पुसून टाकला.

"खडू वाईच जास्त लागला हुता," लोकांकडं पाठ करून ते हळूच म्हणाले. "होड्या हितनंच जात हुत्या. सांगा आता, सर."